जाळीच्या भिंतीचं घर

ऑकलंडच्या अवोन्डेल भागातलं ते घर पहिल्यांदा दिसलं तेव्हा माझ्या नवऱ्याने गाडीतून उतरायलाच नकार दिला.

"हे घर आहे की सायकल स्टँड?" तो म्हणाला.

रविवारच्या बाजारातून आम्ही कोथिंबिरीच्या जुड्या आणि अळकुड्या घेऊन निघालो होतो. विक्रीचा बोर्ड दिसला म्हणून मी थांबायला लावलं होतं. तो गाडीत बसून राहिला, मुलगी मागच्या सीटवर झोपलेली होती, आणि मी एकटीच उतरले.

रस्त्यावरून दिसत होतं ते एवढंच: लांब, बुटकं, सपाट छपराचं घर. छपराची कड भिंतीच्या चांगली पुढे आलेली. एका बाजूला गाडी उभी करायला नुसता मांडव, त्याला भिंती नाहीत. आणि रस्ता व घर यांच्या मधोमध सिमेंटच्या जाळीच्या ठोकळ्यांची पुरुषभर उंच भिंत. प्रत्येक ठोकळ्यात एक वर्तुळ, वर्तुळात चार पाकळ्या.

मी त्या भिंतीवर हात ठेवला आणि घर घ्यायचं ठरलं.

हे दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीचं. मी हॉस्पिटलात फार्मसिस्ट होते. सगळं लिहून आणि दुसऱ्यांदा तपासून करायचं, ही नोकरीची सवय घरातही होतीच. त्याच संध्याकाळी कागदाच्या मधोमध रेघ मारून दोन्ही बाजूंचे मुद्दे लिहिले. विरुद्ध बाजूला सपाट छप्पर, एकच बाथरूम, गॅरेज नाही, स्वयंपाकघर अरुंद, दार दक्षिणेला. घराच्या बाजूने ऊन, बाजार, हॉस्पिटलची बस. भिंत मी लिहिली नाही. तिला कुठल्या रकान्यात टाकायचं तेच कळेना.

माझं लहानपण राजस्थानातल्या एका वाळवंटी शहरात गेलं. आम्ही मूळचे पुण्याचे, पण वडील तिथल्या इंजिनियरिंग कॉलेजात शिकवायचे. कॉलेजचे क्वार्टर्स साठच्या दशकातले, दिल्लीहून आलेल्या एका तरुण आर्किटेक्टने बांधलेले. सपाट छपरं, खोल छज्जे, मोझाइकची फरशी आणि पुढे जाळीच्या ठोकळ्यांची भिंत. गावातली माणसं कोरीव झरोके आणि हवेल्या बघत मोठी झालेली. ती आमच्या वसाहतीला 'डिब्बे' म्हणायची. टांगेवाला सुद्धा विचारायचा, "डिब्बों में जाना है?"

वडील याने चिडत नसत. ते आम्हाला मे महिन्याच्या दुपारी बैठकीच्या खोलीत बसवायचे. बाहेर वाळू उडत असायची. जाळीतून वारा आत यायचा तो गाळून, थोडा निवून. फरशीवर उन्हाची चारपाकळी फुलं पडायची आणि दुपारभर सरकत सरकत जेवणाच्या टेबलापाशी यायची. बसायचा बाक भिंतीतूनच निघालेला, पुस्तकांचं कपाट भिंतीतच. आमच्याकडे फर्निचर असं फार नव्हतंच. "ह्या घरात एक गोष्ट दाखव जी नुसती दिसायला केली आहे," वडील म्हणायचे, आणि मी आणि माझा भाऊ घरभर हिंडून हात हलवत परत यायचो.

अवोन्डेलच्या घराला तशी भिंत का होती ते समोरच्या आजींनी सांगितलं. त्या जन्मापासून त्याच रस्त्यावर राहिलेल्या. आम्ही राहायला गेलो त्याच आठवड्यात त्या स्कोन नावाचे गोडसर पाव घेऊन आल्या आणि चहा पिता पिता सगळी हकीकत सांगून मोकळ्या झाल्या. घर बांधणारा शाळामास्तर होता. तो आणि त्याची बायको अमेरिकेतल्या एका वाळवंटी शहरात वर्षभर राहून आले होते. तिथली नवी घरं बघून दोघं इतकी भारावली की परत येऊन तसंच घर बांधायचं ठरवलं, तेही सुट्टीच्या दिवशी, बरंचसं स्वतःच्या हातांनी. बायको मातीकाम करायची. मागच्या अंगणात तिची भट्टी होती. दाराशेजारच्या भिंतीत बसवलेला मातीचा मोठा सूर्य तिने केलेला. मधला गोळा बिनचकाकीचा, विटकरी. भोवतीचे किरण निळ्या-हिरव्या चकाकीचे, एकही किरण दुसऱ्यासारखा नाही.

"अख्खा रस्ता हसला होता," आजी म्हणाल्या. "वाळवंटातलं घर, आणि बांधलं कुठे तर ऑकलंडच्या पावसात!"

पुढच्या भेटीत त्यांनी मास्तरीणबाईंनी दिलेलं एक जुनं मासिक आणलं. त्यात त्या अमेरिकन शहराचे फोटो होते. मागे उघडे डोंगर, पुढे बुटकी लांब घरं, एक पिवळं दार, आणि जाळीची तीच भिंत. मी त्यांना म्हटलं, माझं लहानपणही अशाच भिंतीच्या आड गेलं, फक्त वाळवंट वेगळं. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "आणि तूही पावसातच येऊन पडलीस, बिचारी."

मास्तरने नुसती नक्कल केली नव्हती, हे मला पहिल्या हिवाळ्यात कळलं. इथे सूर्य उत्तरेकडून जातो. त्याने सगळा नकाशा फिरवून मोठ्या काचा आणि खोल छज्जा उत्तरेला घेतला होता. जूनमध्ये ऊन खाली उतरतं तेव्हा ते छज्ज्याखालून आत शिरून थेट मागच्या भिंतीपर्यंत पोचायचं. जानेवारीत ऊन डोक्यावर असतं तेव्हा छज्जा त्याला दारातच अडवायचा. आमच्या ओळखीतली सगळी मंडळी हिवाळ्यात हीटरला चिकटून बसायची, आणि आम्ही दुपारी स्वेटर काढायचो.

छप्पर एकदा गळलं. सोफ्याच्या वर ओल आली आणि सगळ्यांचं म्हणणं खरं झाल्याचा आनंद सगळ्यांना झाला. मी शिडी लावून वर गेले. पाणी जायचं तोंड पानांनी बुजलं होतं. ते मोकळं केलं, आणि 'दर एप्रिल, दर ऑगस्ट' असं फ्रिजवरच्या कागदावर लिहून टाकलं. त्यानंतर ते पुन्हा गळलं नाही. पण गळल्याची गोष्ट दहा जणांनी दहा घरी सांगितली. न गळल्याची कुणी सांगितली नाही.

माझे दीर, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, आणि वहिनी शहराच्या दुसऱ्या टोकाला फ्लॅट बुशला राहायचे. आम्ही दोघंही त्यांना दादा आणि वहिनीच म्हणायचो. त्यांचं घर नवंकोरं होतं. दारात दोन खांब, आत दोन मजले उंच प्रवेश, त्यात झुंबर, दोन गाड्यांचं गॅरेज. वहिनी प्रेमळ आहेत, पण तोंडाच्या फटकळ.

"तुमच्याकडे आलं ना, की मला सरकारी दवाखान्यात आल्यासारखं वाटतं गं," त्या एकदा बाकावर बसत म्हणाल्या. "आत्ता कोणीतरी नंबर पुकारेल."

"पुकारते की. तुमचा नंबर चहाचा. साखर किती?"

"बघा, कशी बोलते! अगं, पाहुणे आले की बरं दिसायला नको का? रस्त्यावरून नुसती ती भोकाभोकाची भिंत दिसते. घर कुठाय ते शोधावं लागतं."

"शोधून आलात ना, मग झालं."

दादा फार बोलायचे नाहीत. ते करायचे. त्यांनीच एक बिल्डर गाठला. त्याला आमची जागा हवी होती. घर लहान आणि अंगण मोठं असल्यामुळे तिथे जोडून जोडून बरीच नवी घरं बसली असती. बदल्यात तो आम्हाला फ्लॅट बुशला दादांच्याच गल्लीत तयार घर देणार होता. चार बेडरूम, तीन बाथरूम. आमच्या बाजूला करायचं काम एकच: दोघांच्या सह्या.

नवरा मला फसवत नव्हता, हे आधी सांगते. त्याला भावाजवळ राहायचं होतं. पेनरोजच्या डेपोत तो दिवसभर दुसऱ्यांच्या ट्रकांचं वेळापत्रक जुळवायचा. संध्याकाळी त्याला सहज चालत जाऊन दादांकडे चहा प्यायचा होता, एवढंच. "तू एका भिंतीसाठी हट्ट धरतेस," तो म्हणाला, "आणि मी माणसासाठी." बिल्डर एका रविवारी फक्त बोलायला येईल, असं ठरलं.

मला मात्र आदल्या वर्षीची डिसेंबरातली भारतवारी आठवत होती. एका लग्नासाठी गेले होते, तिथून वाट वाकडी करून त्या वाळवंटी शहरात गेले. रिक्षावाल्याला 'डिब्बे' म्हटलं तर त्याला कळलं नाही. तिथे आता आठ मजली इमारती होत्या, आणि गेटवर, काय सांगू, सिमेंटचे खोटे झरोके. मी कुंपणाच्या बाहेर उभी राहून चौकीदाराला विचारलं, जुने क्वार्टर्स कधी पाडले? "कौन से क्वार्टर?" तो म्हणाला. वडील तोवर गेले होते, तेवढं एक बरं झालं. मी रडले नाही. संताप आला होता. तो घेऊनच विमानात बसले आणि ऑकलंडला उतरले.

बिल्डर येणार त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, आमच्याकडे रथसप्तमीचं हळदीकुंकू होतं. इथे सण सोयीच्या वारावर सरकतात, त्या वर्षी रथसप्तमी आपणहून शनिवारी आली. ऐन उन्हाळा. वहिनी मंडळाच्या बायकांना तीन गाड्यांत घालून घेऊन आल्या. एक भूलतज्ज्ञ, दोन नर्सेस, एक दातांची डॉक्टर, बाकीच्या आयटीतल्या. पैठण्या, नथी, आणि दाराशी काढून ठेवलेल्या जॅन्डल्सचा, म्हणजे इथल्या रबरी चपलांचा ढीग. मी आत तिळाच्या वड्या मांडत होते. वाणाला मी प्रत्येकीसाठी पुदिन्याचं रोप तयार ठेवलं होतं.

बाहेरून एकदम शांतता आली म्हणून मी डोकावले.

दाराशेजारच्या मातीच्या सूर्यापुढे बायका रांगेत उभ्या होत्या. सगळ्यांत पुढे वहिनी. त्यांनी सूर्याच्या मधल्या गोळ्याला हळद लावली, कुंकू लावलं, आणि समोरच्या आजींच्या अंगणातलं, बहुधा न विचारता तोडलेलं, एक जास्वंद खालच्या कडेवर ठेवून हात जोडले.

"वहिनी!"

"काय गं ही! इतकी वर्षं सूर्यनारायण दारात, आणि एका शब्दाने बोलली नाहीस! आज रथसप्तमी, आणि दिवाही नाही!"

"वहिनी, तो सूर्यनारायण नाही. एका बाईंनी केलेलं मातीकाम आहे ते. शोभेचं."

"मूर्ती काय आकाशातून पडते? मातीचीच असते," भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या आणि पुढे होऊन बोट टेकवलं. मग नर्स. मग दातांची डॉक्टर. बिनचकाकीची माती ओल्या बोटांचं कुंकू आनंदाने पीत होती. मी ताट हातात घेऊन उभी राहिले. सगळ्यांना पुन्हा सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली आणि रांग पुढे सरकली.

बायका गेल्यावर मी ओलं फडकं घेऊन लागले. हळद फिकी झाली, कुंकू गेलं नाही. छज्ज्याच्या आत असल्यामुळे तिथे पाऊसही पोचत नाही. मी फडकं ठेवून दिलं. सूर्य त्या जागी चार दशकं उभा होता. आमच्यातल्या कुणी त्याच्याकडे नीट बघितलं असेल, तर ते आज.

संध्याकाळी वहिनी, दादा आणि नवरा चहाला बसले. वहिनींचा पक्ष पूर्ण पालटला होता.

"मी म्हणते, आता पाडायचं कसं? पूजा झालेलं स्थान आहे. बुलडोझर घालायचा? माझ्या हाताने मी कुंकू लावलंय."

"झालं तर मग," नवरा म्हणाला. त्याचा चेहरा मोकळा झालेला दिसला. भाऊ की बायको यातून त्याची देवाने सुटका केली होती. "उद्या त्याला सांगू, धार्मिक कारण आहे. इथली माणसं ते मानतात."

"पण तसं कारण नाहीच आहे," मी म्हणाले.

"अगं, तुला घर ठेवायचंय ना? मग कारणाशी काय करायचंय?"

मी त्यावर गप्प बसले. घर वाचत होतं. कसं का वाचेना.

रविवारी बिल्डर आला. मोठा, हसरा माणूस. न सांगता दारात बूट काढले, 'किया ओरा' असा इथला नमस्कार केला, वहिनींनी दिलेली तिळाची वडी खाऊन दुसरी मागितली. नवऱ्याने घसा साफ करून त्याला सूर्य दाखवला आणि धार्मिक अडचण सांगितली. बिल्डरने टोपी काढली. मी हे चेष्टेने सांगत नाही, त्याने खरंच टोपी काढली. भिंतीवर हळूच टकटक केली, कडेला कान लावला, बोटांनी जाडी मापली.

"काही अडचण नाही," तो म्हणाला. "माझ्याकडे हिऱ्याच्या पात्याची करवत आहे. तुमचा देव अख्खा कापून काढू, एक तडा जाणार नाही. नव्या घराच्या प्रवेशात बसवून देतो. वर दिवा, खाली ग्रॅनाइटचा कट्टा. माझ्याकडून भेट, एकदम झकास. स्वीट अ‍ॅज."

खोलीत एकदम आनंदीआनंद झाला.

"म्हणजे देवही, आणि फ्लॅट बुशही!" वहिनी म्हणाल्या. "आणि वर फोकस लाइट! अगं, तिथे तर दर रथसप्तमीला सगळ्यांना बोलावता येईल."

"उत्तम तोडगा," दादा म्हणाले आणि खिशातून पेन काढलं.

माझी मुलगी बाकावर मांडी घालून बसली होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये येतं. "सो द सन मूव्ह्ज, अँड वी गेट थ्री बाथरूम्स?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. देवाशिवाय दुसरं कारण त्याने शिल्लकच ठेवलं नव्हतं. मीही ठेवलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी मी ज्या कारणामागे गप्प बसले होते, ते कारण आता करवतीने कापून गाडीत घालता येत होतं.

"नको," मी म्हणाले. आधी मराठीत, मग बिल्डरकडे वळून इंग्लिशमध्ये. "मी सही करणार नाही."

"आता काय?" दादा म्हणाले. "देवाची सोय झाली की."

"दादा, तो देव नाही. मी काल सगळ्यांना सांगितलं, आज तुम्हाला सांगते. या घरात राहिलेल्या एका बाईने तो मागच्या अंगणात भाजला. छान केलाय. पण उद्या तो पडून फुटला तरी मी इथेच राहणार आहे."

वहिनींचा चेहरा उतरला. "म्हणजे काल मी भिंतीला हात जोडले? सगळ्यांच्या देखत?"

"तुम्ही सूर्याला जोडलेत, वहिनी. भिंत मधे आली."

"बोलायला नको हिच्याशी!"

"बरं, देव नाही," दादा शांतपणे म्हणाले. ते असे शांत झाले की ऑफिसात लोक घाबरत असणार. "मग कारण काय ते नीट सांग. ऊन हवंय? नव्या घराला दुप्पट काचा आहेत. ती जाळी हवी? तीही उचलून लावून देईल तो. एकेक मुद्दा सांग, आपण एकेक सोडवू."

मुद्दे मांडायला मला सांगायची गरज कधीच पडत नाही. उन्हाचा कोन मला तोंडपाठ होता, छज्ज्याची रुंदी, वारा कुठून येतो ते. नव्या बिनछज्ज्याच्या प्लास्टरच्या घरांत ओल धरते, अशा बातम्या त्या दिवसांत पेपरात रोज येत होत्या. वहिनींसमोर तो विषय आम्ही काढायचो नाही, पण त्या क्षणी तोही माझ्या जिभेवर होता. मी गिळला. त्यांचं घर वाईट ठरवून मला माझं चांगलं ठरवायचं नव्हतं.

"नाही सांगणार, दादा," मी म्हणाले. "कारण दिलं की तुम्ही ते कापून न्याल. देव म्हटलं, तर करवत तयार. ऊन म्हटलं तर काच मोठी करून द्याल, जाळी म्हटलं तर जाळी उखडून नेऊन शोभेला लावाल. एकेक गोष्ट नेता येईल हो. तिकडे सगळ्या गोष्टी असतील आणि हे घर नसेल. दोन माणसांनी डोकं चालवून, ह्या उन्हाकडे आणि ह्या पावसाकडे बघून, एकही वस्तू दिमाखासाठी न करता हे उभं केलंय. एकदा लोक हसले म्हणून असं घर पाडलेलं मी बघितलंय. तिथे मला कुणी सही मागितली नव्हती. इथे मागताय. मी देत नाही."

बिल्डरला मराठी कळायचं कारण नव्हतं, पण त्याने दादांच्या हातातलं पेन बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आपले कागद गोळा केले. "फेअर इनफ," तो म्हणाला. जाताना जाळीच्या भिंतीशी थांबून त्याने एका ठोकळ्यातून पलीकडे बघितलं. मग टोपी घालून गेला.

वहिनी चहा अर्धा टाकून उठल्या. त्यानंतर होळी गेली, पाडवा गेला, त्यांचा फोन आला नाही. मंडळात मी भेटले की त्या दुसऱ्याच कुणाशी तरी घाईचं बोलत असायच्या. मला त्या हव्या होत्या, त्यांच्या जिभेसकट. पण माफी मागायला गेले असते तर सहीची गोष्ट पुन्हा निघाली असती, म्हणून गेले नाही.

नवरा माझ्याशी भांडला नाही. भांडला असता तर सोपं गेलं असतं. त्या रविवारनंतरच्या तीन संध्याकाळी तो कामावरून येऊन उत्तरेच्या काचेपाशी बाकावर बसला. पेपर उघडायचा आणि पान उलटायचं विसरायचा. मी काही समजावलं नाही. मुलीला मात्र ताकीद दिली, बाबांना बाथरूम या विषयावर प्रश्न विचारायचे नाहीत.

बुधवारी जेवायच्या आधी दादांचा फोन आला. त्यांचा आवाज दुरूनही ऐकू येतो. बिल्डर दुसरीकडे जागा बघतोय, अजून शनिवारपर्यंत थांबेल, तिची समजूत घाल.

नवरा उभा राहिला. स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे बघितलं. मी पोळी उलटवत होते, तशीच उलटवली.

"नाही दादा," तो म्हणाला. "तिची समजूत घालायची नाहीये. आम्हाला नको आहे."

पलीकडून मोठ्याने प्रश्न आला. कारण काय, हे शब्द मलाही स्वच्छ ऐकू आले.

"कारण असं नाही," तो म्हणाला. "पाडायचं नाही. मी रविवारी येतो तुझ्याकडे, गाडीने. चहा तयार ठेव."